सर्वज्ञ यंत्र आणि बिअट्रिस

त्या रविवारी आमच्या चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी उपासनेनंतर कॉफीला चाळीस माणसं थांबली तरी खूप झालं, त्या दिवशी शंभर खुर्च्या पुरेनात. पलीकडच्या गल्लीतली कॅथलिक मंडळीसुद्धा आपली मिस्सा आटोपून धापा टाकत आली होती. ओव्हनमध्ये भाजलेल्या खिम्याच्या हॉटडिशची तीन भांडी खरवडून झाली होती. लिंबाच्या वड्यांच्या ताटात एकच वडी उरली होती. शेवटची वडी उचलणं आमच्या गावात वाईट दिसतं, म्हणून येणारा प्रत्येक जण तिचा अर्धा तुकडा कापून नेत होता. मी बघितलं तेव्हा ताटात पोस्टाच्या तिकिटाएवढी वडी होती आणि तिच्याभोवती चार सुऱ्या.

समोरच्या पडद्यावर एक निळं चक्र गरागरा फिरत होतं आणि त्याच्या शेजारी ट्रेंट कॉलवे उभा होता. दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून पांढरे.

"फक्त नाव आणि आडनाव!" तो म्हणाला. "पत्ता नको, वय नको, तळहात दाखवायला नको. बाकी यंत्र खणून काढेल!"

मार्लिस टॉलेफसन उठली. ही माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. तिचा नवरा आयनार तळ्याकाठी मासेमारीच्या गळांचं आणि आमिषाचं दुकान चालवायचा. तो गेल्यावर चार वर्षं तिने एकटीने ते रेटलं आणि याच वसंतात विकलं. साठ हजार डॉलर आले. उरलेलं आयुष्य तिला त्यांच्यावरच काढायचं होतं.

ट्रेंटने नाव टाइप केलं. चक्र फिरलं, थांबलं, अक्षरं उमटली. ट्रेंटने ती देवळातल्या पाठासारखी वाचली.

"सांध्याचं दुखणं. डावा खुबा. पाण्याशी नातं असलेली एक दिवंगत व्यक्ती अजूनही तुमच्या निर्णयांत सोबत असते. येत्या चाळीस दिवसांत तुम्ही एक काठी विकत घ्याल."

मार्लिसने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझा आयनार!" मग रुमालाने नाक पुसत ती म्हणाली, "खुबा मात्र उजवा आहे हो. बाकी शब्द न्‌ शब्द खरा."

ट्रेंट क्षणभरही अडला नाही. "अहो, यंत्र तुमच्याकडे समोरून बघतंय ना! समोरून बघताना डावं-उजवं उलटंच दिसणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता हे सगळं होतं कशाचं, ते सांगते. ट्रेंटच्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणे माहितीच्या खाणी खणायचं. डेटा मायनिंग. माणूस काय घेईल, कुठे दुखेल, कधी घर बदलेल, सगळं आधीच सांगायचं. मोठमोठी दुकानं आणि औषध कंपन्या या ज्ञानासाठी सोनं मोजायला तयार होत्या, आणि कॅलिफोर्नियातले गुंतवणूकदार दारात रांग लावून उभे होते. "पण मी त्यांना म्हटलं, थांबा! आधी साध्या, प्रामाणिक माणसांना संधी देणार. कारण माझी आजी अशाच एका गावातली."

हा माणूस इतर गावं सोडून आमच्याकडेच का आला, तेही लगेच कळण्यासारखं आहे. उत्तर मिनेसोटातलं आमचं हेग्डाल हे गाव लोखंडाच्या खाणीवर उभं राहिलं. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली. खड्ड्यात पाणी साचलं, पोरं मिनियापोलिसला गेली. पण 'खाण' हा शब्द कोणी उच्चारला की अजून म्हाताऱ्यांच्या माना वर होतात. गुप्तधनाच्या गोष्टी सांगून लुबाडणारे जगात सगळीकडे असतात. आमच्याकडे आला तो लॅपटॉप घेऊन आला, एवढाच फरक.

"खाण म्हणतोस," मागच्या भिंतीजवळून टोइवो म्हणाला. टोइवो ऐंशीचा, चाळीस वर्षं खाणीत घालवलेला. उपासनेला येत नाही, कॉफीला मात्र चुकत नाही. "आमच्या खाणीतून गाडीभर काहीतरी वर यायचं. तुझ्यातून काय येतं?"

"ज्ञान, आजोबा!"

"मग माझं सांग की. टोइवो निएमी."

चक्र फिरलं. बराच वेळ फिरलं. शेवटी अक्षरं आली: "येत्या उन्हाळ्यात मासे पकडण्याची दाट शक्यता."

"मिनेसोटात हे माझ्या कुत्र्यालाही सांगता येतं," टोइवो म्हणाला.

"तुमच्या भोवतीची लहर क्षीण आहे, आजोबा. श्रद्धा नसली की असं होतं."

लोक हसले, ते टोइवोला. सगळ्यांत मोठ्याने व्हर्लिन हसला. व्हर्लिनचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गावाबाहेर थोडी जमीन, थोडी जनावरं. ट्रेंटला गावात आणलं ते त्यानेच. त्याचा जावई डलुथला नोकरीला लागल्याचं यंत्राने पहिल्या दिवशी अचूक सांगितलं होतं, तेव्हापासून व्हर्लिन ट्रेंटची बॅग स्वतः उचलत असे.

त्या दुपारी पडद्यावर शेवटी एक मोठा आकडा चमकला: "या भागातून रस दाखवणारे गुंतवणूकदार: त्रेचाळीस!"

मी कॉफीच्या पिंपाशी उभी होते. त्रेचाळीस हा आकडा मला कुठूनसा ओळखीचा वाटला. मग आठवलं. मागच्या रविवारी किती कप लागतील म्हणून मी एक कागद फिरवला होता. त्यावर त्रेचाळीस नावं होती, आणि तो कागद नंतर मला कुठे सापडला नव्हता. शिवाय आमच्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. नापसंत गोष्ट दिसली की आम्ही म्हणतो, "वेगळंच आहे हं हे," आणि सावकाश कोट घालायला लागतो. ट्रेंट हे ऐकून वहीत टिपून ठेवायचा. त्याला वाटायचं, मासा लागला.

घरी गेले, पण माझं मन त्या डाव्या खुब्यातच अडकून राहिलं होतं.

चर्चच्या कार्यालयात गेली सव्वीस वर्षं मी बसते. लोक मला फोन करतात: थोरा, आईचं ऑपरेशन आहे, थोरा, मुलाची मुलाखत आहे, नाव घाल. त्या नावांची मी दर बुधवारी यादी करते, आणि रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी एकेक नाव मोठ्याने वाचून प्रार्थना करते. नऊ वर्षांपूर्वी, हिवाळा काढायला ॲरिझोनाला जाणाऱ्या मंडळींनी हट्ट धरला की आम्हालाही यादी हवी. तेव्हापासून ती चर्चच्या संकेतस्थळावरही लावते. कोणाला काय झालंय, कोणाचं कोण वारलंय, कोणाचा जावई कुठे लागलाय, सगळं तिथे. प्रार्थना करायची तर पूर्ण करावी, अशी आमची समजूत.

आणि मार्चच्या यादीत मी लिहून बसले होते: "मार्लिस, डावा खुबा." तेव्हा मार्लिसनेच फोन करून माझी टर उडवली होती. "अगं थोरा, देव बिचारा भलताच खुबा बरा करून बसेल!" आम्ही दोघी खूप हसलो होतो. आणि हसण्याच्या नादात ती चूक संकेतस्थळावर तशीच राहिली होती.

मी उठून यादी उघडली. होती तशीच होती.

माझे कान गरम झाले. गेले दोन रविवार गावाने ज्या चमत्काराला टाळ्या वाजवल्या, तो बुधवारी दुपारी मी माझ्या दोन बोटांनी टाइप केलेला होता.

संध्याकाळी मार्लिसकडे गेले. ती टेबलापाशी चेकबुक उघडून बसली होती.

"येत्या रविवारी सगळ्यांसमोर देणार," ती म्हणाली. "व्हर्लिनही देतोय. तो म्हणाला, मार्लिस देणार म्हणून मी देतोय."

"आणि तू?"

"मी? व्हर्लिन देतोय म्हणून."

"मार्लिस, सगळे?"

"सगळे. निम्म्याने निम्मंच मिळतं, असं ट्रेंट म्हणाला."

"आधी मुलाला तरी विचार. माझं ऐक, ते यंत्र माझी यादी..."

"थोरा!" तिने पेन खाली ठेवलं. "चार वर्षांत आयनारचं नाव माझ्याशी कोणी काढलं नाही. सगळे हवापाण्याचं बोलतात. त्या यंत्राने काढलं. आता तेही तुला बघवत नाही का गं?"

माझा आवाज मुळातच लहान, आणि तिचे डोळे भरलेले. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि परत आले.

मिनियापोलिसला माझी भाची कारी एका विमा कंपनीत हेच माहिती खणायचं खरं काम करते. तिला फोन लावला.

"आत्या, आमच्या कामात चमत्कार नसतो गं," ती म्हणाली. "हजारो लोकांच्या सवयी मोजायच्या, त्यातून अंदाज काढायचा. दहात तीनदा चुकतो, आणि किती चुकतो तेही लिहून द्यावं लागतं. तुमचा माणूस कधीच चुकत नाही म्हणतेस?"

"चुकला तर म्हणतो, समोरून बघतोय."

कारी इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "जे फक्त यादीत आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, असं काहीतरी त्याला विचार. ते सांगितलंन की चोर सापडला."

पण तसं काही आणायचं कुठून? प्रार्थनेच्या यादीत खोटं नाव घालणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मंगळवारभर मी तो विचार उलटसुलट करत होते. बुधवारी सकाळी व्हर्लिनचा फोन आला. आवाज रडवेला.

"थोरा, बिअट्रिसला यादीत घाल. काल जुळं झालं तिला. तेव्हापासून काही खात नाही, पाय गळालेत, उठता येईना."

"डॉक्टरला बोलावलंस?"

"वाटेवर आहे. पण तू नाव घालच."

बिअट्रिस म्हणजे व्हर्लिनची तपकिरी गाय. गावात ठाऊक नाही असा माणूस नाही. मी एरवी लिहिलं असतं, "व्हर्लिनची गाय बिअट्रिस." त्या दिवशी माझं बोट 'गाय' या शब्दापाशी थांबलं. मी उठून पास्टर मॅग्नस यांच्या खोलीत गेले, खुब्यापासूनची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, एक शब्द गाळला तर ते पाप होईल का?

पास्टरनी चष्मा काढून पुसला. "थोरा, ती गाय आहे हे देवाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग ज्याच्यासाठी यादी आहे, त्याची काही फसवणूक होत नाही."

मी व्हर्लिनचे शब्द जसेच्या तसे लिहिले: "बिअट्रिस, व्हर्लिनच्या घरची. मंगळवारी जुळं झालं. अन्नावर वासना नाही, पायांत बळ नाही, उठवत नाही." मग प्रार्थना केली, आणि ती अगदी मनापासून केली. दुपारी व्हर्लिनचा पुन्हा फोन आला. डॉक्टरने शिरेतून कॅल्शियम दिलं होतं आणि अर्ध्या तासात बिअट्रिस उठून उभी राहिली होती. मी देवाचे आभार मानले आणि डॉक्टरचेही.

रविवार आला. तळघर पुन्हा गच्च. पुढच्या रांगेत मार्लिस, मांडीवर पर्स, पर्समध्ये चेक. शेजारी व्हर्लिन. ट्रेंटने हात चोळले.

"आज सह्यांचा दिवस! त्याआधी यंत्राला अखेरचा एखादा प्रश्न?"

मी पिंपाच्या मागून बाहेर आले. "आहे. बिअट्रिस. व्हर्लिनच्या घरची."

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. व्हर्लिनने भुवया उंचावल्या. पण ट्रेंटची बोटं केव्हाच चालायला लागली होती. चक्र फिरलं.

"आहाहा!" ट्रेंट म्हणाला. "घरात आनंद! नुकतंच जुळं झालंय. बाळंतीण थकलेली आहे, अन्नावर वासना नाही, पायांत बळ नाही. येत्या तीस दिवसांत ती घेईल..." त्याने पडद्याकडे बोट केलं. "दोन बाळांची एक ढकलगाडी, दोन पाळणे, आणि मऊ तळव्यांच्या चपलांचा एक जोड!"

लोकांनी आधी पडद्याकडे आणि मग व्हर्लिनकडे बघितलं.

"दोन जोड लागतील," मागून टोइवो म्हणाला. "पाय चार आहेत."

ट्रेंटला काही कळलं नाही. तो उत्साहाने व्हर्लिनकडे वळला. "आणि बाळंतिणीच्या मनात घरधन्याविषयी थोडी नाराजी आहे. बाईला जरा फुलं-बिलं न्या, व्हर्लिन! अभिनंदन! आजोबा झालात ना?"

व्हर्लिन हळूहळू उभा राहिला. मान, मग गाल, मग कान, असा लाल होत गेला.

"आजोबा?" तो म्हणाला. "अरे गृहस्था, मी आज सकाळी तिचं दोन बादल्या दूध काढून आलोय!"

कॅथलिकांच्या रांगेतून पहिला हशा फुटला आणि मग काही थांबेना. खुर्च्या हलल्या, कॉफी सांडली. पास्टर मॅग्नस भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे गदगदत होते.

हसू ओसरलं तेव्हा मी छापून आणलेले कागद वाटले. तीन वर्षांच्या याद्या. आवाज चढवायची वेळच आली नाही, सगळे आपोआप गप्प झाले.

"यात ज्याचं त्याने आपलं नाव शोधावं," मी म्हटलं. "आणि यंत्राने जे सांगितलं ते त्याच्याशी ताडून बघावं. जावयाची नोकरी मागच्या वर्षीच्या मे महिन्यात आहे. टोइवोने कधी नाव घालायला सांगितलं नाही, म्हणून यंत्राला टोइवोचं काही ठाऊक नाही. आणि मार्लिसचा खुबा समोरून बघितल्यामुळे उलटा झालेला नाही. तो मी चुकीचा लिहिला. माझी चूक त्या यंत्राने जशीच्या तशी वाचून दाखवली."

कागदांची सळसळ झाली. कोणीतरी म्हणालं, "माझं मूत्रपिंड!" कोणी म्हणालं, "लोईसचा घटस्फोट, हा बघ, इथे आहे!"

ट्रेंट मात्र खमका. "मंडळी, यालाच तर डेटा मायनिंग म्हणतात! उघड्यावरची माहिती आम्ही हुशारीने..."

"पोरा," टोइवो म्हणाला, "दुसऱ्याने वर काढून ठेवलेला ढीग उचलून नेला, तर आम्ही त्याला खाणकामगार म्हणत नव्हतो."

"आणि ते त्रेचाळीस गुंतवणूकदार?" पास्टरनी विचारलं. "त्यांतलं एक नाव सांगाल?"

"गोपनीय आहे."

"माझ्या कपांच्या कागदावर माझं नाव पहिलं होतं," मी म्हटलं. "माझ्याकडून तरी गोपनीय ठेवू नका."

आता हसायलाही कोणी हसलं नाही. मार्लिस उठली होती. खुबा सांभाळत ती सावकाश पडद्यापर्यंत गेली. तिथे अजून त्या ढकलगाडीचं चित्र चमकत होतं.

"आयनारचंसुद्धा यादीतूनच घेतलंत?" तिने विचारलं.

"बाई, यंत्राची प्रक्रिया अशी गुंतागुंतीची..."

"यंत्राला नाही विचारत मी. तुम्हाला विचारतेय. त्याच्या स्मृतिदिनाची नोव्हेंबरची यादी वाचलीत, आणि मला रडताना बघत उभे राहिलात?"

ट्रेंटने लॅपटॉप मिटला. मार्लिसने पर्समधून चेक काढला, दोनदा फाडला आणि तुकडे कोटाच्या खिशात ठेवले. दुसऱ्याच्या जमिनीवर कचरा टाकायची तिला सवय नाही.

"मला नको," ती म्हणाली.

तिच्यामागोमाग व्हर्लिन म्हणाला, "मलाही नको." मग ते 'नको' खुर्च्याखुर्च्यांतून पुढे सरकत गेलं. भांडी घासून व्हायच्या आत ट्रेंटची गाडी हमरस्त्याला लागली होती. या वेळी बॅग त्याची त्यानेच उचलली.

मार्लिस दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कार्यालयात आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"माझं सगळ्यांदेखत हसं करायलाच हवं होतं का गं?"

"हसं बिअट्रिसचं झालं. तुझं होऊ दिलं नाही मी."

"हं." तिने कोट काढून खुर्चीला अडकवला. "आयनारला ट्रेंट पहिल्या दिवशीच कळला असता. आमिष कसं लावतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं."

त्यानंतर तासभर आम्ही आयनारविषयीच बोललो. ते मी चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. मैत्रीण गप्प बसली की यंत्राची किंमत वाढते, हे मला त्या दिवशी कळलं.

यादी आता संकेतस्थळावर नाही. ॲरिझोनाच्या मंडळींना मी फोन करते. वेळ जातो, पण त्यांनाही बोलायला बरं वाटतं.

ज्याला आपल्या मनातलं सगळं ठाऊक आहे, असा एक आहे, हे मी मानते आणि मरेपर्यंत मानीन. पण कोणी माणूस किंवा यंत्र तसा दावा करून समोर उभं राहिलं, तर आधी शोधावं की हे मी स्वतःच कुठे सांगून ठेवलंय का. जे कुठेच लिहिलेलं नाही ते त्याला विचारावं. चुकला तर चूक कबूल करतो की समोरून बघितल्याच्या गोष्टी सांगतो, ते बघावं. आणि शेजारी पैसे देतोय म्हणून आपण देत असू, तर शेजाऱ्याला एकदा विचारावं की तो कोणाकडे बघून देतोय.

हे सगळं मी कॉफीच्या वेळी एकदा बोलले, तर टोइवो म्हणाला, "आणि दर रविवारी चर्चमध्ये फिरते ती दानाची थाळी? तिच्याविषयी कोणी विचारायचं?"

दोन-चार जणांनी चपापून पास्टरकडे बघितलं. मी टोइवोचा कप भरला.

"तू विचार," मी म्हटलं. "आत्ता, मोठ्याने विचार. पास्टर इथेच आहेत. प्रश्न विचारल्यावर जो रागावेल त्याला काही द्यायचं नाही, मग ते यंत्र असो, पास्टर असोत, नाहीतर मी."

टोइवोने कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली, आणि पास्टरनी हसत त्याच्यासमोर बैठक मारली.